समरकंदचा बाजार आणि प्रवाशाचा धर्म

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु देशाटन करून आलेल्या सर्वांच्याच अंगी हे शहाणपण आलेले दिसते, असे मात्र नाही. पुष्कळ प्रवासी प्रेक्षणीय स्थळांची यादी हाती घेऊन परदेशी जातात, एकेका नावापुढे खूण करीत फिरतात आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह घेऊन घरी परततात. त्या देशातील माणसे कशी जगतात, काय खातात, परस्परांशी कशी बोलतात, असे कोणी विचारले तर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नसते. हा दोष प्रवासाचा नसून प्रवास करण्याच्या रीतीचा आहे. ती रीत कोठे चुकते आणि कशी सुधारता येईल, याचा विचार उझबेकिस्तानातील बाजारांच्या उदाहरणाने करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

उझबेकिस्तान हा मध्य आशियातील देश १९९१ साली सोव्हिएट संघापासून स्वतंत्र झाला. त्याची राजधानी ताश्कंद. हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाले ते एका दुःखद कारणाने. १० जानेवारी १९६६ रोजी तेथे भारत व पाकिस्तान यांच्यामधील करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ जानेवारीच्या आरंभीच्या प्रहरी, आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे तेथे देहावसान झाले. समरकंद, बुखारा आणि खिवा ही या देशातील आणखी तीन इतिहासप्रसिद्ध नगरे. आज तेथे जाणारा प्रवासी मुख्यतः निळ्या कौलांनी मढविलेले घुमट, मदरसे आणि मनोरे पाहण्यासाठी जातो. बाजाराच्या वाट्याला त्याचा उरलासुरला अर्धा तास येतो. तोही बहुधा घरच्या मंडळींना देण्याच्या भेटवस्तू खरेदी करण्यासाठी.

माझे मत याच्या अगदी उलट आहे. प्रवाशाने परक्या नगरात प्रथम बाजारात जावे, तेथे निदान एक सकाळ काढावी आणि मग घुमट पाहावयास निघावे. राजांनी बांधलेली इमारत ही राजांना आपण कसे दिसावे असे वाटत होते, ते सांगते. प्रजा कशी जगते हे बाजारात कळते. अर्थात बाजार हा काही चित्रासारखा लांबून पाहण्याचा देखावा नाही. तेथे पाऊल टाकणाऱ्याला कोणाशी तरी बोलावे लागते, काही घ्यावे लागते, काही नाकारावे लागते. थोडक्यात, तेथे वागावे लागते. प्रवाशाची परीक्षा होते ती या वागण्यात.

समरकंदचेच उदाहरण घेऊ. तेथील सियोब बाजार हा बीबी खानुम मशिदीला अगदी लागून आहे. ही मशीद तैमूरलंगाने दिल्लीची लूट करून परतल्यावर १३९९ मध्ये बांधावयास घेतली. जगातील सर्वांत भव्य मशिदींत तिची गणना व्हावी, अशी त्याची आकांक्षा होती. पण इमारत इतक्या अवाढव्य आकाराची आणि इतक्या घाईने उभारलेली होती की, थोड्याच काळात तिची पडझड सुरू झाली. १८९७ च्या भूकंपात तिचा आणखी मोठा भाग ढासळला. आज प्रवासी ज्या घुमटाकडे मान उंच करून पाहतो, तो बराचसा विसाव्या शतकातील पुनर्बांधणीचा आहे. शेजारच्या बाजारात मात्र मंडप बदलले, छपरे बदलली, राज्ये बदलली, तरी पहाटे भाजी, मेवा आणि भाकरी घेऊन माणसे येतातच. वापरात असलेल्या वस्तूला जीर्णोद्धाराची वाट पाहावी लागत नाही, हे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोन वास्तू पाहिल्या की आपोआप ध्यानात येते.

समरकंदच्या व्यापाराची साक्ष परदेशी प्रवाशांनी फार पूर्वीपासून दिली आहे. स्पेनमधील कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाविखो १४०४ साली तैमूरच्या दरबारी आला होता. चीनहून आलेले रेशीम आणि हिंदुस्थानातून आलेले जायफळ, लवंग, दालचिनी, सुंठ असे मसाल्याचे पदार्थ आपण तेथे पाहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. तैमूरने शहरातून व्यापारासाठी एक नवा आच्छादित रस्ता काढण्याची आज्ञा दिली, तेव्हा वाटेतील लोकांची घरे पाडण्यात आली आणि रात्रंदिवस मजूर राबवून सुमारे २० दिवसांत काम पुरे करण्यात आले, हेही तो सांगतो. बाजाराचे वैभव वाचताना ज्यांची घरे पडली त्यांचीही आठवण ठेवावी, हा पहिला धडा आपल्याला या जुन्या प्रवाशाकडून मिळतो.

या नगराचे वर्णन बाबराने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. एकेका धंद्याचा बाजार वेगळा असून त्यांची सरमिसळ होत नाही, या गोष्टीचे त्याला मोठे कौतुक वाटले होते. ही शिस्त आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. भाकऱ्यांची ओळ वेगळी, सुक्या मेव्याची वेगळी, मसाल्यांची वेगळी, दुधदुभत्याची वेगळी. एका बाजूस पलोवसाठी लागणाऱ्या पिवळ्या गाजरांचे बारीक काप करून रास घातलेली असते. पलोव म्हणजे आपल्या पुलावाचा तिकडचा भाऊबंद. या पदार्थाभोवतीच्या चालीरीतींना युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. दुसऱ्या बाजूस कुर्त नावाच्या, आंबट दह्याला मीठ लावून वाळविलेल्या पांढऱ्या गोळ्यांचे ढीग दिसतात. मेंढपाळांनी दूरच्या प्रवासात दूध टिकविण्यासाठी काढलेली ही युक्ती आहे. अधूनमधून एखादा माणूस इसिरिक नावाच्या वनस्पतीचा धूर दुकानादुकानातून फिरवीत जातो. या धुराने दृष्ट लागत नाही, अशी तेथील समजूत. आपल्याकडे बाजारातून उदाचा धूर फिरविणारा फकीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दृश्यात परके असे काही वाटणार नाही.

मराठी माणसाला तर या बाजारात कान उघडे ठेवले तरी पुरे. तेथे बाजाराला ‘बोझोर’, दुकानाला ‘दुकोन’, तराजूला ‘तारोझी’, दलालाला ‘दल्लोल’, हिसाबाला ‘हिसोब’, मेव्याला ‘मेवा’, साबणाला ‘सोवुन’ आणि व्यापाराला ‘सावदो’, म्हणजे आपला सौदाच, म्हणतात. फारसी भाषेच्या व्यवहारातून हे शब्द एका बाजूने उझबेक भाषेत गेले आणि दुसऱ्या बाजूने दक्षिणेतील सुलतानी अमलात मराठीत आले. दोन देशांमध्ये हिंदुकुशासारखा पर्वत उभा असूनही बाजाराचे शब्द दोन्हीकडे एकच असावेत, यावरून जुन्या काळी माणसे आणि माल किती दूरवर फिरत असत, याची कल्पना येते.

आता तेथील भाकरीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण उझबेक बाजाराचा आत्मा जर कोठे असेल, तर तो भाकरीच्या ओळीत आहे. या भाकरीला ते ‘नॉन’ म्हणतात. आपल्या ओळखीच्या नानचेच हे नाव. मातीच्या तंदुराच्या आतील भिंतीवर थापून ती भाजतात. भाजण्यापूर्वी चेकिच नावाच्या दातेरी शिक्क्याने तिच्या मधोमध ठसा उमटवितात. त्यामुळे मधला भाग फुगत नाही आणि नक्षीही उठते. समरकंदची भाकरी जड, तुकतुकीत आणि बरेच दिवस टिकणारी म्हणून सर्व देशात प्रसिद्ध आहे. ताश्कंदचा पाहुणा परत जाताना समरकंदच्या भाकऱ्या बरोबर नेल्याशिवाय सहसा राहात नाही.

या भाकरीला तेथे जो मान आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. ती पालथी ठेवीत नाहीत. सुरीने कापण्याऐवजी हाताने मोडतात. खाली पडलेला तुकडा उचलून उंच जागी ठेवतात, म्हणजे कोणाचा पाय लागू नये आणि पाखरांच्या तोंडी पडावा. घरातून कोणी दूर जावयास निघाला, विशेषतः मुलगा सैन्यात भरती होऊन निघाला, तर त्याने एका भाकरीचा एक घास खावा आणि उरलेली भाकरी तो सुखरूप परत येईपर्यंत घरी जपून ठेवावी, अशी चाल आहे. ताटातील शिते वेचून खावयास लावणारी आपली आजी ही चाल ऐकून मुळीच चकित होणार नाही. पण बाजाराची घाईघाईने छायाचित्रे काढणारा प्रवासी भाकरीच्या गाडीवर आपली पिशवी ठेवतो, अर्धी भाकरी खाऊन उरलेली कचऱ्यात टाकतो आणि पुढे जातो. त्याने कायदा कोणताही मोडलेला नसतो. तरी त्याने त्या घरच्या माणसांना दुखविलेले असते. परक्या देशाचा इतिहास पाठ नसला तरी चालेल. तेथील अन्नाचा मान राखता आला पाहिजे.

टरबुजांची गोष्टही अशीच मनोरम आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने ख्वारिझम प्रांतातील, म्हणजे आजच्या खिवा भागातील, टरबुजांची स्तुती केली आहे. ती कापून, उन्हात वाळवून, टोपल्यांत भरून हिंदुस्थानात व चीनमध्ये पाठविली जात, असे तो सांगतो. आपण दिल्लीत असताना ही वाळविलेली टरबुजे मागवीत असू, असेही त्याने नमूद केले आहे. टरबुजाच्या वाळविलेल्या पट्ट्यांच्या वेण्या आजही उझबेक बाजारात विकावयास असतात. बाबर हा याच देशातील अंदिजानचा; त्याचा जन्म १४८३ सालचा. हिंदुस्थानचे राज्य मिळाल्यावरही एकदा टरबूज कापताना त्याला मायभूमीची आठवण होऊन रडू आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढा रणधुरंधर पुरुष, पण एका फळाच्या वासाने त्याचे डोळे भरून आले! आपले घर सोडून दूर वसलेल्या माणसाच्या मनात घरची कोणती वस्तू राहते, याचे उत्तर पुष्कळदा राजवाड्यात न सापडता बाजारात सापडते.

बाजार हा इतिहासाचे पुस्तकही असतो. मात्र त्याची पाने वाचता आली पाहिजेत. ताश्कंदच्या चोरसू बाजारात किंवा समरकंदच्या सियोब बाजारात गाजराच्या तिखट कोशिंबिरी व खारविलेल्या भाज्या विकणाऱ्या कोरियन स्त्रिया दिसतात. मध्य आशियात कोरियन माणसे कोठून आली, असा प्रश्न कितीजणांना पडतो? १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएट संघाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशात राहणाऱ्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना जबरदस्तीने आगगाड्यांत घालून कझाकस्तान व उझबेकिस्तान येथे आणून सोडले. त्यांना आपल्या खाण्यातील कोबी मिळेना, तेव्हा त्यांनी येथे मुबलक मिळणाऱ्या गाजरालाच आपली चव दिली. ती कोशिंबीर आज उझबेक घरांतील ताटातही आहे. ज्या अन्यायाचे स्मारक प्रवाशाच्या यादीत बहुधा नसते, त्याची खूण अशी एका वाटीत भरून समोर ठेवलेली असते.

भाषेच्या बाबतीत तर आपल्यासारख्या सीमाभागातील वाचकांनी या बाजाराकडे अधिक लक्षपूर्वक पाहावे. समरकंद आणि बुखारा ही उझबेकिस्तानातील नगरे असली, तरी तेथील पुष्कळ कुटुंबांची घरातील भाषा ताजिक, म्हणजे फारसीची बहीण, आहे. बाजारातील विक्रेता शेजाऱ्याशी ताजिकमध्ये बोलतो, खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाला उझबेकमध्ये भाव सांगतो आणि जुन्या पिढीतील कोणी आला तर रशियनमध्ये उत्तर देतो. पाट्याही कोठे सिरिलिक लिपीत, तर कोठे लॅटिन लिपीत असतात. कारण उझबेक भाषेची लिपी गेल्या शंभर वर्षांत अरबीवरून लॅटिन, लॅटिनवरून सिरिलिक आणि १९९३ नंतर पुन्हा लॅटिन अशी बदलत आली आहे. सरकारे लिपी बदलीत राहिली. माल विकणाऱ्याने मात्र गिऱ्हाइकाला जी समजेल ती वापरली. आपल्या बेळगावच्या खडेबाजारात मराठी, कानडी, कोकणी आणि उर्दू एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, तसेच हे आहे. ज्याला रोज दुसऱ्याशी व्यवहार करावयाचा असतो, त्याला दुसऱ्याच्या भाषेचा द्वेष करणे परवडत नाही. याचा अर्थ त्याने आपली भाषा सोडली असा मात्र होत नाही. तो घरी जाऊन आपल्या मुलांशी आपल्याच भाषेत बोलतो. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथवर बाजाराचे गुण सांगितले. आता प्रवाशाच्या वागण्याचा जो कठीण प्रश्न, त्याकडे वळू. तो म्हणजे घासाघिशीचा प्रश्न. याविषयी आपल्या समाजात दोन मते आढळतात. काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, परक्या बाजारात प्रत्येकजण फसवावयास टपलेला असतो. म्हणून सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. नव्या पिढीतील काहीजण म्हणतात की, घासाघीस करणे हेच मुळी असंस्कृतपणाचे. ठरीव किमतीचे दुकान तेवढे प्रामाणिक. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे, पण दोन्ही मते बाजाराला नीट ओळखत नाहीत, असे मला वाटते.

उझबेक बाजारात भाव ठरविणे हा बोलण्याचा एक प्रकार आहे. विक्रेता प्रथम छातीवर हात ठेवून सलाम करतो. मग जर्दाळू, बेदाणे किंवा मिठात घालून भाजलेली जर्दाळूची बी चाखावयास देतो. चाखले म्हणजे घेतलेच पाहिजे, असे बंधन नसते; पण चाखून तोंड वाकडे करणे मात्र शोभत नाही. मग भाव, मग थोडी कुरकुर, थोडा विनोद आणि शेवटी सौदा. सौदा जुळला की विक्रेता बरकत चिंतितो. हा ‘बरकत’ शब्दही आपल्या ओळखीचा. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागे हाच भाव आहे की, देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे दोघांचेही भले व्हावे. गुरांच्या बाजारात तर तेथील दलाल विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोघांचेही हात धरून जोरजोराने हालवीत राहतो आणि भाव जुळेपर्यंत सोडीत नाही. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगतात. त्यांचा मार्ग उघडा, आपला झाकलेला. पण दोन्हीकडे माणसाच्या शब्दावर आणि हातावर विश्वास ठेवूनच व्यवहार होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रवाशाने घासाघीस करावी, परंतु ती जिंकण्यासाठी करू नये. समजा, एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून अक्रोड घेताना आपण चार पैसे वाचविले, तर ते आपल्याला संध्याकाळी आठवणारही नाहीत. तिला मात्र तेच तिच्या दिवसाच्या कमाईत मोजावे लागतात. उलटपक्षी, मागेल ती किंमत न बोलता फेकणे हेही औदार्य नव्हे. असे पाच-पन्नास प्रवासी आले की भाव त्यांच्या खिशाप्रमाणे चढतात आणि शेजारच्या गल्लीतील गृहिणीला त्याच बाजारात भाजी घेणे जड जाते. आजूबाजूचे लोक काय देतात हे आधी पाहावे, त्याच्या आसपास द्यावे आणि हसतमुखाने निघावे. हा मध्यम मार्ग सोपा दिसतो, पण त्यासाठी पाहण्याचे आणि थांबण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

स्वस्ताईच्या मोहाची एक दुसरी बाजूही आहे. २०१३ पर्यंत या देशातील सर्वांत मोठी नोट १००० सोमची होती. त्यामुळे किरकोळ खरेदीलाही लोक नोटांची पुडकी बरोबर नेत. परकीय चलनाचा सरकारी दर आणि बाजारातील चोरटा दर यांमध्ये मोठे अंतर होते. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने चलनाचे व्यवहार मोकळे केले, तेव्हा ते अंतर नाहीसे झाले. त्यापूर्वी बाजाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दलालाकडून पैसे बदलून ‘किती स्वस्त देश!’ म्हणून आनंदणारे प्रवासी पुष्कळ होते. ती स्वस्ताई त्या देशातील लोकांच्या अडचणीतून निर्माण झालेली होती, हा विचार त्यांच्या मनाला शिवला असेल, असे वाटत नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट कापडाच्या ओळीत आहे. फरगाना खोऱ्यातील मार्गिलान हे नगर रेशमासाठी प्रसिद्ध आहे. तेथील ‘अद्रस’ कापडात उभे धागे रेशमाचे आणि आडवे धागे कापसाचे असतात. विणण्यापूर्वीच उभे धागे जागजागी बांधून रंगात बुडवितात. म्हणून रंगांच्या कडा ढगासारख्या पुसट उमटतात. या कलेला ते ‘अब्रबंदी’ म्हणतात. ‘अब्र’ म्हणजे ढग. गुजरातेतील पाटणचा पटोळा आणि तेलंगणातील पोचमपल्लीची वस्त्रे याच तत्त्वावर विणली जातात. त्यामुळे वडोदरा आणि हैदराबाद येथील आपल्या बांधवांना हे कापड पाहताच ओळखीचे वाटेल. मार्गिलानमधील या कलेच्या जतनाच्या प्रयत्नांची युनेस्कोने २०१७ मध्ये गौरवाने नोंद घेतली आहे.

परंतु या देशातील कापूस वर्षानुवर्षे कोणी वेचला? सोव्हिएट काळापासून दर शरद ऋतूत शाळा आणि महाविद्यालये ओस पडत. विद्यार्थी, शिक्षक, परिचारिका यांना कापसाच्या शेतात पाठविले जाई. ते स्वेच्छेचे काम नव्हते. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. जगातील अनेक कापड व्यापाऱ्यांनी या कापसावर बहिष्कार घातला, देशातील काही धैर्यवान नागरिकांनी त्रास सोसून माहिती बाहेर आणली. आधी लहान मुलांची सुटका झाली, २०१७ पासून शिक्षक व विद्यार्थी यांना परत बोलाविण्यास आरंभ झाला आणि २०२१ च्या हंगामात अशी पद्धतशीर सक्ती संपुष्टात आल्याचे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२२ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी बहिष्कारही उठला. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याच वयाच्या मुलांचे आश्विन-कार्तिक असे गेले आहेत. बाजारात वस्तू दिसते, तिची किंमतही दिसते; तिच्यामागचे हात दिसत नाहीत. ते विचारून घ्यावे लागतात. परदेशी बाजारात असा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर आपल्या गावातील फटाके, विड्या आणि विटा यांच्याविषयीही तोच प्रश्न विचारण्याचे धैर्य येईल.

बाजाराला शेवटी भय आहे ते प्रवाशाच्याच प्रेमाचे. याचे उदाहरण बुखाऱ्यात पाहावयास मिळते. तेथे सोळाव्या शतकात रस्त्यांच्या चौकांवर घुमटांचे आच्छादित बाजार बांधले गेले. त्यांतील तीन आज उभे आहेत: ‘तोकी झरगरोन’ म्हणजे सोनारांचा घुमट, ‘तोकी तेलपक फुरुशोन’ म्हणजे टोप्या विकणाऱ्यांचा घुमट आणि ‘तोकी सर्रोफोन’ म्हणजे सराफांचा घुमट. या नगरात मुलतानकडून आलेले हिंदू व्यापारी व सावकार पिढ्यान् पिढ्या राहात आणि त्यांची स्वतंत्र सराई होती. आज या घुमटांखाली मुख्यतः प्रवाशांना विकण्याच्या वस्तू आहेत: भरतकाम, सुऱ्या, टोप्या, रंगीत बशा. वस्तू सुंदर आहेत आणि त्यांवर अनेक कारागिरांची घरे चालतात, हे मान्य केले पाहिजे. पण बुखाऱ्यातील गृहिणीला कांदे, तांदूळ किंवा मुलाची चप्पल घ्यावयाची असेल, तर ती या घुमटांकडे येत नाही. तिचा बाजार दुसरीकडे गेला आहे. प्रवासी अधिक पैसे देतो, म्हणून दुकानदार त्याच्याकडे तोंड वळवितो. मग भाडे वाढते, मग रोजच्या वस्तूंचे दुकान उठते. यात कोणी दुष्ट नाही. तरीही परिणाम असा होतो की, जे पाहावयास प्रवासी आला, तेच त्याच्या येण्याने नाहीसे होते.

कोणी म्हणेल, काळ बदलतो, मोठी आधुनिक दुकाने येतात, स्वच्छता वाढते, भाव लिहिलेले असतात. मग जुन्या बाजारासाठी हळहळण्याचे कारण काय? ही शंका रास्त आहे. घाण, फसवे माप आणि गर्दीतील चोऱ्या यांचे समर्थन कोणीही करणार नाही. सोव्हिएट काळात चोरसू बाजारावर मोठा निळा घुमट उभारला गेला. त्याखाली ऊन-पावसापासून आडोसा मिळाला, मांडणी नेटकी झाली, आणि बाजार मात्र बाजारच राहिला. सुधारणा कशी असावी याचा हा चांगला नमुना आहे. माझा आग्रह जुन्या छपराविषयी नाही. खेड्यातील शेतकऱ्याने आपला माल आपल्या हाताने विकावा, गिऱ्हाइकाने त्याच्या डोळ्यांत पाहून तो घ्यावा आणि दोघांनी एकमेकांचे कुशल विचारावे, ही सोय राहिली पाहिजे, एवढाच आहे.

तेव्हा उझबेकिस्तानात किंवा अन्य कोठेही जाणाऱ्या प्रवाशाने काही साधे नियम पाळावेत. सकाळी लवकर जावे. कारण तेव्हा बाजार गावकऱ्यांचा असतो. प्रथम सलाम करावा, मग भाव विचारावा. कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. विक्रेता हा काही पिंजऱ्यातील पक्षी नव्हे. जेथे गावातील लोक रांगेत उभे असतील, तेथे उभे राहावे. घ्यावयाचे असेल तर तेथील लोक घेतात ते घ्यावे आणि तेथेच खावे. कोणी चहाला बोलाविले, तर वेळ नाही म्हणून नाकारू नये. तेथे प्याल्यात चहा थोडाच ओततात. तो कमी पडला म्हणून रुसू नये. पाहुण्याचा प्याला पुन्हा पुन्हा भरता यावा, म्हणजेच त्याने अधिक वेळ बसावे, असा त्यामागील हेतू असतो. आपण हिंदुस्थानातून आलो असे कळताच राज कपूरचे नाव घेणारे विक्रेते तेथे अजूनही भेटतात. त्यांचे हे प्रेम आपल्या कर्तबगारीने मिळालेले नाही, हे ओळखून त्याला शोभेल असे वागावे.

ताश्कंद-समरकंदला जाण्याचा योग सर्वांनाच येईल असे नाही. पण या नियमांसाठी तिकडे जाण्याची आवश्यकताही नाही. येत्या आठवड्याच्या बाजारी प्रत्येक विद्यार्थ्याने आईबरोबर पिशवी घेऊन जावे आणि सोबत एक लहान वही ठेवावी. भाजी कोणत्या गावची, ती आणणारी मावशी पहाटे किती वाजता निघाली, ती पैसे कोणत्या भाषेत मोजते, पहिल्या मापाला काय म्हणते, उरलेला माल संध्याकाळी कोठे जातो, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून काढावीत. ज्याला ही उत्तरे मिळवता आली, त्याला पुढे समरकंदच्या भाकरीच्या ओळीत उभे राहण्याचा प्रसंग आला, तर तेथे काय पाहावे आणि कसे वागावे हे कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.